बेडकीच्या फुग्याच्या बाह्या

ती. वहिनींना,

वाकून नमस्कार. सध्या कंबर धरल्यामुळे नमस्कार झाल्यावरही बराच वेळ मी वाकलेलीच आहे, तेवढं आदरात धरावं. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो म्हणाला होतात, तो उतरताना तरी गप्प बसतो का? भाऊजींचं ब्लडप्रेशर, त्याबद्दलचं त्यांचं बोलणं आणि ते ऐकून वाढणारं तुमचं ब्लडप्रेशर, सगळं ताब्यात असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत आहोत. (हे पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलेलं नाही, खरंच आहोत. पुढचं वाचताना शंका आली तर इथे परत येऊन बघावं.)

मध्यंतरी फोनवर तुम्ही विचारलंत, की सासूबाईंचा ऑपरेशनचा पाय कसा आहे, त्यांच्याशी बोलताना मागे कर्कश आवाज कसला येत होता, आणि ‘कामात आहे गं, नंतर बोलते’ म्हणून त्यांनी फोन का ठेवला. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, कारण त्या शेजारीच उभ्या होत्या आणि मी लवकर फोन ठेवावा म्हणून डोळे वटारत होत्या. आता सांगते. पाय उत्तम आहे. आवाज ग्राइंडरचा होता. आणि त्या खरोखरच कामात होत्या. महिनाअखेरीस त्यांनी तुमच्याकडे परत यायचं ठरलंय, तेव्हा त्या कुठल्या अवस्थेत येणार आहेत हे तुम्हाला आधी कळलेलं बरं. म्हणून हे पत्र.

माझी गाडी तुम्हाला आठवत असेलच. तीच ती, पांढरी, जपानी, दोनच माणसांची, दिवे लावले की डोळे वर येतात म्हणून तुमच्या धाकटीने जिला ‘बेडकी’ नाव दिलं. (तुम्ही एकदा तिच्यात बसला होतात आणि उतरल्यावर म्हणाला होतात, की ही गाडी बसायची नाही, अंगात घालायची आहे.) दिवसभर मी दातांच्या कारखान्यात लोकांच्या कवळ्या घडवते. केसाएवढा फरक राहिला तरी हिरडीला टोचतो, म्हणून सगळं डोळ्यांत तेल घालून मोजते. अशा मोजून मापून जगणाऱ्या बाईने बेडकीसाठी हौसेने नवी रुंद चाकं मागवली, आणि चाक आत किती बसणार नि बाहेर किती येणार हे सांगणारा जो आकडा असतो, तो नेमका उलटा वाचला. चाकं बसवली तेव्हा चारही टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत होते. म्हणजे अंगापेक्षा पाय मोठे झालेलं बाळ दिसतं ना, तसं. परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, एकदा टायर चढवला की चाक परत घेत नाही. जुनी चाकं मी त्यालाच देऊन टाकली होती आणि ती कुणीतरी लगेच उचलून नेली होती. शिवाय खरं सांगायचं तर मला ती नवी चाकं फार आवडली होती. आवडलेल्या वस्तूत आपली चूक आहे हे कळायला जो वेळ लागतो, तो मी पुरेपूर घेतला.

एवढ्यात गाडीच्या तपासणीची तारीख आली. तिथले साहेब गाडीभोवती फिरले, खाली वाकले, उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, तुमची चाकं गाडीच्या बाहेर आहेत.” मी म्हटलं, “चाकं बाहेरच असतात ना साहेब?” माझा हेतू खरोखरच समजून घेण्याचा होता, पण त्यांना तो तसा वाटला नाही. त्यांनी शिक्का उचलला होता तो परत पेटीत ठेवला आणि सांगितलं, की एक तर चाकं आत घ्या नाहीतर गाडी बाहेर काढा, म्हणजे अंगाने रुंद करा. महिन्याभरात पुन्हा दाखवा. नाही जमलं तर ही रस्त्यावर दिसता कामा नये.

हे मी घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. हे हवामान खात्यात असल्यामुळे ‘होईल’ किंवा ‘नाही होणार’ असं कधीच म्हणत नाहीत. म्हणाले, “विकावी लागण्याची शक्यता साठ टक्के आहे.” मग माझा चेहरा बघून पंचावन्नवर आले. मी गॅरेजमध्ये जाऊन बेडकीच्या टपावर हात ठेवून उभी राहिले. आणि रडायची सोय नव्हती, कारण गॅरेजमध्ये सासूबाई होत्या.

त्या तिथे का होत्या, ते सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज सपाट जमिनीवर चालायला सांगितलंय, आणि आमच्या घरात उंबरठा, पायरी, जाजम नाही अशी जागा गॅरेजशिवाय दुसरी नाही. तेव्हा सकाळ-संध्याकाळ त्या वॉकर घेऊन शटरपासून कपडे धुण्याच्या मशीनपर्यंत फेऱ्या मारायच्या. आम्हा दोघींचं नातं तुम्ही पाहिलेलंच आहे. लग्न झाल्यापासून आवाज म्हणून चढला नाही. ‘चहा टाकू का?’, ‘टाक, तुझ्यासाठी टाकत असशील तर’, ‘उशी पुरते का?’, ‘पुरते’. बँकेच्या काउंटरवर लोक याहून मोकळं बोलतात. त्या आल्यापासून मी कामावरून परतताना दाराबाहेर थांबून आज काय बोलायचं ते ठरवून मग घरात शिरत असे.

तर त्या वॉकरवर रेलून म्हणाल्या, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही आई.” त्या म्हणाल्या, “काही नसलं की कुणी गाडीला असं धरून उभं राहत नाही.” म्हणून मी सगळं सांगितलं, आणि मडगार्डवर बसवायचे फुगवटे मिळतात त्याचा फोटोही दाखवला. स्क्रू पिळून वरून बसवायचे, काळे, कडेने स्क्रूंची रांग दिसणारे. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि एकच शब्द बोलल्या, “ठिगळ.” आयुष्यभर शिवणाचा वर्ग चालवलेल्या बाईच्या तोंडून हा शब्द कसा निघतो ते तुम्ही ऐकलेलं आहे. मग म्हणाल्या, “हे लावून जाणार असशील तर मला मागे बसवू नकोस.” मी म्हटलं, “मागे सीटच नाहीये.” त्या म्हणाल्या, “तेही एक बरंच आहे. बाही वेगळी जोडल्यासारखी दिसता कामा नये. खांद्यातून निघाल्यासारखी दिसली पाहिजे. तसं करता येतं का?”

तसं करता येतं, वहिनी. फायबरचा फुगवटा मडगार्डला चिकटवायचा, सांध्यावर फायबरचं कापड बसवायचं, वरून पुट्टी भरायची आणि घासत राहायचं. घासत म्हणजे किती, तर आपण कोण, कुठले, का जन्माला आलो याचा विसर पडेपर्यंत. शेवटी सांधा कुठे होता ते गाडीलाही आठवत नाही. पण त्याआधी मूळ मडगार्डची कड कापावी लागते, नाहीतर टायर घासतो. मी ग्राइंडर आणला, पत्र्यावर रेघ मारली, चष्मा लावला, आणि हात पुढे जाईना. कवळी बिघडली तर दुसरी करता येते. ही गाडी मी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, कुणाला न विचारता घेतलेली आयुष्यातली पहिली मोठी वस्तू. तिला आपल्या हाताने कापायचं? सासूबाई मागून म्हणाल्या, “श्वास सोड आणि काप. श्वास धरून कापलं की कात्री वाकडी जाते.” मी श्वास सोडला आणि कापलं. ठिणग्यांचा फवारा उडाला, त्यातल्या दोन-चार सासूबाईंच्या शालीवर पडल्या (करडी, म्हणजे तुम्ही दिलेली, भोकं लहान आहेत), आणि त्याच वेळी हे घरी आले. शटर वर करून त्यांनी बायको, आई, धूर आणि अर्धवट कापलेली गाडी असं सगळं एका नजरेत पाहिलं, शटर खाली केलं, आणि थोड्या वेळाने पुढच्या दाराने घरात आले. आपण काही पाहिलेलंच नाही असं ते जेवण होईपर्यंत वागत होते.

कापल्यावर कळलं, की मडगार्डला आतून दुसरा पत्रा असतो. “अस्तर,” सासूबाई लगेच म्हणाल्या. ते अस्तर बाहेर वळवून वरच्या पत्र्याला जोडावं लागतं, नाहीतर आत पाणी शिरून गाडी गंजते. त्यासाठी गल्लीच्या टोकाच्या वेल्डरला बोलावलं. त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणतात, कारण तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत असतो. तो आला, बसला, चहा प्यायला, गाडीकडे बघत राहिला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला चहा द्यायला मनाई केली, तेव्हा वेल्डिंग सुरू झालं.

आता मुख्य भानगड. फुगवटे नेमके कुठे बसवायचे याचे कागदी नमुने सासूबाईंनी कापले आणि शिवणाच्या खडूने गाडीवर खुणा केल्या. डावीकडच्या खुणा केल्या तेव्हा गाडी जॅकवर होती, चाक खाली लोंबत होतं. उजवीकडच्या केल्या तेव्हा गाडी जमिनीवर होती, चाक वर सरकलेलं होतं. आणि खुणा दोन्हीकडे टायर बघून केलेल्या. आम्ही सगळे फुगवटे चिकटवले, गाडी खाली घेतली, समोर जाऊन उभ्या राहिलो, आणि पाहतो तर बेडकीचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. एका हातात जड पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईसारखी. वर तो डावा टायर फुगवट्याला टेकला होता.

सासूबाई म्हणाल्या, “अरे देवा. चाक लोंबत होतं.” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मला वाटलंच होतं.”

त्या वळल्या. “तुला दिसलं होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला कसं सांगायचं?”

“तोंडाने!” वहिनी, त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. “तोंडाने सांगायचं! मी काय पाहुणी आहे? लग्नाला आलेली विहीणबाई आहे? तू मला इथे काचेच्या कपाटात ठेवलंयस. उशी पुरते का, उशी पुरते का! नाही पुरत! आल्यापासून मान दुखतेय माझी!”

मग मीही सुटले. मी म्हटलं, “मग सांगायचं होतं ना तोंडाने! दर वर्षी तुम्ही आम्हाला पडदे शिवून पाठवता, ते मला आवडतात का हे कधी विचारलंत?” त्या म्हणाल्या, “आवडत नाहीत?” मी म्हटलं, “एकही नाही आवडला! प्रत्येकाला झालर!” त्या म्हणाल्या, “आणि तुझा चहा! पाणी तापवून त्याला चहाची गोष्ट सांगतेस!” असं बराच वेळ चाललं. नंतर नंतर तर विषय संपले आणि आम्ही आठवून आठवून भांडलो. हे दारात येऊन उभे राहिले, वारं कुठल्या दिशेला आहे याचा अंदाज घेतला आणि फिरायला निघून गेले. शेवटी दम लागून सासूबाई बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या आणि मी जमिनीवर बसले. जरा वेळाने त्या म्हणाल्या, “छिन्नी आहे का घरात?” मी म्हटलं, “आहे.” “मग आण. डावे दोन्ही काढून टाकू. आणि चहा मी टाकते.” त्या दिवसापासून दाराबाहेर थांबून मी काही ठरवत नाही. तोंडात येईल ते बोलते. त्याही बोलतात. (फारच बोलतात. पण ते पुढे.)

डावे फुगवटे पुन्हा बसले. फायबरचं कापड सासूबाईंनी उरेब, म्हणजे तिरकं, कापलं, त्यामुळे वळणावर एक सुरकुती पडली नाही. मग घासणं. पांढऱ्या धुळीने घर असं भरलं की हे एकदा आरशासमोर उभे राहून ‘मी एवढा कधी पिकलो?’ म्हणाले. आम्ही दोघी डोळे मिटून तळवा फिरवायचो. चढउतार डोळ्याला दिसत नाही, पण हाताला लागतो. मला कवळ्यांची सवय आणि त्यांना कापडाची, त्यामुळे एकमत होईना. त्या म्हणायच्या इथे पोट सुटलंय, मी म्हणायची तिथे खड्डा आहे, आणि दोघींचंही खरं निघायचं. मधल्या काळात व्यायाम शिकवणारे डॉक्टर आले. त्यांना वॉकर कोपऱ्यात दिसला, त्यावर चिकटपट्टीची रिळं आणि पॉलिशपेपर टांगलेले. पेशंट कुठे म्हणून बघतात तर पेशंट गाडीच्या मागच्या चाकाशी, हाताला पुट्टी, गाडीला धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत सरकतेय. ते ओरडणार होते, पण मग त्यांनी पाय तपासला आणि म्हणाले, “हे जे काही करताय ते चालू ठेवा. फक्त खाली बसू नका.” जाताना त्यांनी स्वतःच्या गाडीच्या दारावरच्या पोच्याबद्दल चौकशी केली. सासूबाईंनी त्यांना महिनाअखेरीनंतरची वेळ दिली. (हे वाक्य जरा लक्षात घ्या.)

रंगाच्या दिवशी आम्ही ह्यांना विचारलं, हवा कोरडी राहील का? घरच्या माणसांना अंदाज सांगायचा नाही असा ह्यांचा नियम आहे, पण आईने विचारल्यामुळे म्हणाले, “राहील.” टक्के नाहीत, काही नाही, नुसतं ‘राहील’. आम्ही रंग मारला आणि अर्ध्या तासात धुकं उतरलं. रंग दुधावरच्या सायीसारखा निस्तेज झाला. सगळं पुन्हा घासून पुन्हा मारलं. त्यानंतर हे घरात ढगांकडेसुद्धा बघत नाहीत.

आणि मग तपासणी. सासूबाई म्हणाल्या, मीही येणार. त्यांना बेडकीत बसवणं म्हणजे पाकिटात छत्री घालण्यासारखं होतं, पण बसल्या. साहेबांनी आधी टायर पाहिले. चारही आत. मग ते मडगार्डपाशी वाकले, बोट फिरवलं, चष्मा काढून पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं. मी श्वास धरून उभी होते. ते म्हणाले, “जोड कुठे आहे?” काचेतून आवाज आला, “तो दिसावा म्हणून कुणी करतं का?” साहेब दचकले. आत कुणी आहे हे त्यांना तोवर कळलंच नव्हतं. मग ते म्हणाले, “आजी, जरा उतरा. ब्रेक तपासायचेत.” आजी उतरेनात. म्हणजे उतरायला तयार होत्या, पण गाडी सोडेना. साहेबांनी एक हात धरला, मी एक धरला, ओढलं, आणि त्या हसायलाच लागल्या. तुम्ही त्यांना तसं हसताना पाहिलंय का कधी? मी नव्हतं पाहिलं. डोळ्यांतून पाणी, आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत. माझ्याही अंगातलं बळ गेलं. शेवटी साहेब म्हणाले, “राहू द्या, आजींसकट घेऊ.” यंत्राच्या रुळांवर गाडी गदागदा हलली आणि सासूबाई आतून म्हणाल्या, “पुन्हा एकदा बघा बरं, नीट कळलं नसेल.” शिक्का मिळाला, वहिनी. साहेबांनी स्वतःहून आमचा फोटो काढला, तो सोबत जोडलाय. डावीकडची बेडकी. तिच्यात मागच्या चाकावर जो गोल, भरदार, खांद्यातून निघाल्यासारखा उतार दिसतोय, त्याला आम्ही घरात ‘फुग्याच्या बाह्या’ म्हणतो. कुठून सुरू झाल्या ते सांगून दाखवा.

भाऊजींना नमस्कार सांगा, मुलींचे माझ्या वाटचे लाड करा, आणि गुडघ्याची काळजी घ्या.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. महिनाअखेरीस सासूबाईंना न्यायला तुम्ही येणार होतात, तर घाई करू नका. रस्ते खराब आहेत. शिवाय तुमच्याकडे जिना आहे. शिवाय इथल्या डॉक्टरांना त्यांच्या पायाची सवय झालीय.

ता. क. २. वहिनी, वरचं खोडत नाही, पण ते जाऊ द्या. तोंडाने सांगायचं असं ठरलंय तर सांगते. त्यांना इथेच राहू द्याल का? नुसत्या या महिन्यापुरतं नाही म्हणत मी. इतकी वर्षं तुमच्याकडे होत्या, तुमचा हक्क पहिला, हे मला कळतं. पण मला आत्ता कुठे त्या भेटल्यात. त्यांना मी अजून विचारलेलं नाही, कारण त्या ‘नाही’ म्हणाल्या तर मला ते आवडणार नाही. आधी तुम्ही ‘हो’ म्हणा, मग मी विचारते.

ता. क. ३. सूनबाई, आशीर्वाद. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं होतं, ते बंद करण्याआधी वाचलं. सगळं खरं आहे, फक्त चहाबद्दल मी म्हणाले ते तिने सौम्य करून लिहिलंय. मी इथेच राहणार हे मी धाकट्याला कधीच सांगून टाकलंय. त्याने तिला सांगितलेलं दिसत नाही. शक्यता किती टक्के ते मोजत बसला असेल. पण ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीस आम्ही दोघी चार दिवस तुझ्याकडे येतोय, बेडकीतून. तुझ्या नवऱ्याच्या गाडीचा मागचा पत्रा गंजलाय, तो मी निघताना पाहून ठेवला होता. ग्राइंडर आम्ही आणतो, तू फक्त गॅरेज रिकामं कर. आणि त्याला आधीपासून काही सांगू नकोस. ब्लडप्रेशर आहे त्याला.